पायातला काटा : पुणे ते पंढरपूर

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या फिजिऑलॉजी विभागात मी ३१ वर्षं टेक्निशियन होते. बेडकाच्या मागच्या पायाच्या बोटांमधला पातळ पडदा कॉर्कच्या पाटीवर ताणायचा, मायक्रोस्कोपखाली लावायचा आणि पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना जिवंत रक्त वाहताना दाखवायचं, हे माझं सगळ्यात आवडतं काम. पुढे बेडूक बंद झाले, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले, मग मीही निवृत्त झाले. यंदा नणंदेबरोबर माउलींच्या पालखीसोबत पुण्यापासून चालले. वन्सांची ही अकरावी वारी, माझी पहिली. वहीत कीर्तनातलं काहीबाही उतरवून घ्यायचं ठरवलं होतं. पण अंगावर दोन खुणा उमटल्या आणि वही त्यांनीच बळकावली.

पहिला दिवस : पुणे ते सासवड

एकादशी. त्यात बत्तीस-एक किलोमीटर, त्यात दिवेघाट. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत साबुदाण्याची खिचडी कुठल्या कुठे जिरली होती. चढावर मागून रेटा आला आणि पुढच्या माळकऱ्याच्या टाळाची कड माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, सणकन बसली. त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही, तो आपल्या तालात. सासवडला पोचेपर्यंत तिथं रुपयाएवढा लालसर-जांभळा डाग.

मुक्कामाच्या वाड्यात जायला एक बोळ होता. दोन माणसं शेजारी मावणार नाहीत एवढा. शेवटी आमची सगळी दिंडी एकामागे एक, डोक्यावरचं बोचकं सांभाळत, अंग चोरून त्यातून आत गेली. मला बेडकाचा पडदाच आठवला. माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी साडेसात-आठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद, आणि कितीतरी केशवाहिन्या, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्या, पाच-सहा मायक्रॉनच्याच. तरी ती जाते, कारण ती गच्च भरलेली नसते. तेवढाच ऐवज गोल चेंडूत भरला असता तर जेवढं कातडं लागलं असतं, त्याच्या जवळजवळ दीडपट तिच्याकडे असतं. अर्धं भरलेलं पोतं बोळातून कसंही वाकवून नेता येतं, शिगोशीग भरलेलं अडकतं, तसं. केंद्रकही तिनं हाडांच्या मगजातून निघण्याआधीच टाकून दिलेलं असतं, म्हणजे आत कडक असं काही नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, त्यांच्या पेशींचा हाच गुण जातो. प्राणवायू सोडला की आतलं हिमोग्लोबिन ताठ होतं आणि पेशी बोळात आडवी बसते.

बोळात आमच्या पुढं एक आजोबा होते. पाठीवर वळकटी, हातात काठी, पाऊल मोजून टाकणारे. त्यांच्या मागे पंधरा-वीस जणांची गाडी तुंबली. बोळ संपून अंगण लागलं तशी सगळी तरणी पोरं दोन्ही अंगांनी पुढं घुसली आणि आजोबा ढकलले जाऊन भिंतीला टेकले. हे दृश्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

दुसरा दिवस : सासवड मुक्काम

सोपानकाकांचं दर्शन. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा रुतलेला. ही सूज पेशींची नव्हे, नुसत्या पाण्याची. दिवसभर उभं राहिलं की पायातल्या बारीक वाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी भिंतीतून पाझरतं. चालत राहिलं की पोटऱ्या ते वर पंप करतात. वन्सं म्हणाल्या, "बसू नका, चाला. बसलं की पाय भरत्यात." फिजिऑलॉजीच्या पुस्तकात याला तीन पानं लागतात.

हातावरचा डाग आज निळा-काळा. तांबड्या पेशीला पाय नाहीत. ती स्वतःहून वाहिनीबाहेर पडत नाही, भिंत फुटली तरच सांडते. माझ्या हातात भिंत फुटली होती.

तिसरा दिवस : जेजुरी

भंडाऱ्यानं सगळं पिवळं. हातावरचा डागही पिवळा दिसला, म्हटलं बरा झाला की काय एका रात्रीत. धुतल्यावर निळाच.

चौथा दिवस : वाल्हे

आजचा मुक्काम वाल्ह्याचा. लहान टप्पा, म्हणून निवांत होतो. रस्त्याच्या कडेला, बायकांच्या सोयीसाठी म्हणून, शेताच्या बांधापलीकडे गेले आणि परत येताना बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार. उजव्या पायाच्या टाचेच्या पुढं. ओढून काढला, पण टोक आत मोडलं असावं अशी शंका तेव्हाच आली होती. ती मी दाबून टाकली. दिंडी पुढं चाललेली असताना कोण थांबतंय.

रक्त दोन-चार थेंब आलं आणि थांबलं. ते प्लेटलेटचं काम. दोन-तीन मायक्रॉनचे तुकडे हे, पेशी म्हणायच्याही लायकीचे नाहीत. पण रक्तात तांबड्या पेशी मधोमध दाटीनं वाहतात आणि या चिल्लर मंडळींना कडेला लोटतात. त्यामुळं भिंत फुटली की त्या आधीच तिथं हजर. बाहेर हिंडायला जात नाहीत, भोकावर बसतात.

रात्री टाच ठसठसायला लागली. तंबूत पाऊस गळत होता, बाहेर बेडूक ओरडत होते. मला हसू आलं. हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १६२८ मध्ये रक्त गोल फिरतं असं लिहिलं, पण धमनीतून शिरेत ते जातं कसं, हे त्याला दिसलं नव्हतं. तो १६५७ मध्ये गेला आणि १६६१ मध्ये बोलोन्याच्या मालपीगीला बेडकाच्या फुप्फुसात त्या मधल्या केसासारख्या वाहिन्या दिसल्या. किती बेडूक खर्ची पडले असतील या एका गोष्टीपायी. आणि बाहेर ही सगळी मंडळी बिनघोर ओरडत होती.

पाचवा दिवस : नीरा स्नान, लोणंद

पादुकांना नीरेत स्नान घातलं ते मी लांबून, काठावरून पाहिलं. पाऊल टेकवत नव्हतं. टाच लाल, गरम, टणक. पुढं लोणंदपर्यंत वन्सांच्या खांद्याचा आधार.

वन्सांनी विचारलं, "काटा तर काढला न्हवं? मग कशाचं हे?"

मी म्हटलं, "टोक आत राह्यलंय वन्सं. त्याच्यामागं आत माणसं गेलीत."

"कंची माणसं?"

मग चालता चालता सांगितलं. आणि सांगताना बाजूलाच सगळा देखावा चालू होता. नीरेच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही कडांना गावकरी उभे होते. कुणी केळी देतंय, कुणी राजगिऱ्याचा लाडू, कुणी चहा. मधून चालणारी दिंडी टाळ वाजवत सरळ निघून जाते. तिला कुणाचा हात लागत नाही. कडेनं चालणारा मात्र एका हातातून केळं घेतो, चार पावलांवर दुसरा हात पुढं येतो, मग तिसरा. त्याची चाल मंदावते. तो थांबलेला नसतो, पण चालतही नसतो.

पांढऱ्या पेशीचं असंच होतं. न्यूट्रोफिल म्हणून जी पांढरी पेशी असते ती तांबडीपेक्षा कितीतरी ताठ. केशवाहिनीत ती त्या आजोबांसारखी रेटून रेटून जाते आणि मागं तांबड्यांची गाडी तुंबते. केशवाहिन्या संपून जिथं जरा रुंद, बारीक शिरा लागते तिथं मागच्या तांबड्या पेशी तिला ओलांडून पुढं घुसतात आणि ती भिंतीला लागते. एरवी ती तशीच घरंगळून पुढं जाईल. पण जवळ काटा मोडलेला असेल तर त्या भागातल्या भिंतीच्या पेशींनी आतल्या अंगाला हात बाहेर काढलेले असतात. सिलेक्टिन म्हणतात त्यांना. एक प्रकारचे काही मिनिटांत येतात, तयारच असतात ते. दुसरे बनवायला काही तास लागतात. या हातांत पेशी अडकते, सुटते, पुन्हा अडकते, अशी गडगडत जाते. मग भिंतीवर लागलेले रासायनिक निरोप तिला पोचतात, तिचे स्वतःचे इंटिग्रिन नावाचे आकडे ताठ होतात आणि ती घट्ट चिकटते. चपटी होते, भिंतीवरून सरपटत दोन पेशींमधली फट शोधते आणि त्यातून अंग घालून बाहेर. तिचं केंद्रक तीन-चार फुग्यांची माळ असावी तसं असतं, ते एकेक फुगा करून निघतं. या फटीतून जायला काही मिनिटं पुरतात. त्याच्या बाहेरचं अस्तर ओलांडायला त्याहून जास्त वेळ लागतो.

पुस्तकांतही सर्रास लिहिलेलं असतं की पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांतून बाहेर पडतात. फुप्फुसात तसं होतं खरं. तिथल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद की न्यूट्रोफिल आतच अडकून बसतात. पण टाचेत, कातड्यात, पोटात बाहेर पडायची जागा केशवाहिनीच्या पुढची ती बारीक शिरा. परीक्षेत हे बरोबर लिहिणारं पोर मला ३१ वर्षांत क्वचितच भेटलं.

वन्सं सगळं ऐकून म्हणाल्या, "आन् भिंतीनं हात न्हाई काढलं तर?"

मी थांबलेच. हाच तर प्रश्न. भिंतीनं हात काढले आणि पेशीचेच आकडे जन्मतः नसले तर काय होतं, हे मी एका बाळाच्या रक्तात पाहिलं होतं. पांढऱ्या पेशींची संख्या डोळे पांढरे होतील एवढी, बाळाची नाळ आठवडे उलटूनही पडलेली नाही, आणि जखमेत पू म्हणून नाही. सगळी फौज रस्त्यावर, दारात एकही उतरत नाही. आम्ही मशीन बिघडलंय असं समजून तीनदा मोजलं होतं.

सहावा दिवस : लोणंद मुक्काम

आज मुक्काम म्हणून वाचले. सेवेच्या दवाखान्यात रांगेत दोन तास. आधी शुगर तपासली, कारण साखर चढलेली असली की या न्यूट्रोफिल पेशी सुस्तावतात. माझी ठीक निघाली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. टाचेवर मधोमध पिवळा ठिपका वर आला होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी बधिर करून चीर दिली. आधी पू आला, मग अर्ध्या तांदळाएवढं काळं टोक.

"मॅडम, एक विनंती आहे," मी म्हटलं. "काचपट्टी असेल तर यातला एक थेंब द्याल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं काय काम करत होते ते. हसल्या आणि पट्टी दिली. मी दुसऱ्या पट्टीच्या कडेनं थेंब पसरवला, वाऱ्यावर सुकवला, वर्तमानपत्रात गुंडाळून बुक्क्याच्या डबीशेजारी ठेवला. हात अजून विसरलेला नाही. पसारा जिभेच्या आकाराचा पातळ आला.

पू म्हणजे काय यावर एकेकाळी जर्मनीत कडाक्याचे वाद झाले. विर्शो हा तिथला नावाजलेला पॅथॉलॉजिस्ट, त्याचं मत, पुवातल्या पेशी जागच्या जागी, तिथल्याच पेशींपासून तयार होतात. त्याच्याच संस्थेतल्या कोनहाइमनं १८६७ मध्ये बेडकाच्या आतड्याचा पडदा बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली पसरला आणि तासन् तास बघत बसला. पांढऱ्या पेशी कडेला लागल्या, भिंतीला चिकटल्या, भिंतीबाहेर टाचणीच्या डोक्यासारखा फुगीर उंचवटा आला, तो वाढत गेला, आणि अख्खी पेशी बाहेर. म्हणजे पू रक्तातूनच आला होता. गुरूच्या दारात बसून गुरूला खोटं पाडायचं, तेही नुसतं बघत राहून. मला हा माणूस फार आवडतो. त्यानं बघितलेलंच मी वर्षानुवर्षं पोरांना दाखवत आले. पोरं मात्र दोन मिनिटांत "मॅडम, दिसलं" म्हणून उठायची. त्यांना काय दिसलं असेल देव जाणे.

सातवा दिवस : तरडगाव

चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण. दोन्ही बाजूंनी माणसं, मधून अश्व धावला, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे मोकळ्या जागेत घुसले. मी ट्रकच्या फळीवर पाय सोडून बसून पाहिलं.

संध्याकाळी उजव्या जांघेत गाठ. वन्सांनी हात लावून निकाल दिला, "अवधाण आलंय." आमच्याकडे पायाला लागलं की अवधाण येतं हे पोरालाही ठाऊक असतं, आणि डॉक्टर त्यालाच लसीकाग्रंथी सुजली म्हणतात. तिथं लिंफोसाइट नावाच्या, दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी जमतात. त्यांची तऱ्हा पुन्हा वेगळी. काटा असो नसो, त्या रोजच्या रोज रक्तातून ग्रंथीत उतरतात. तिथल्या बारीक शिरांची भिंत जाड, उंच पेशींची, फक्त त्यांच्यासाठी दार असलेली. आत आठ-दहा तास, कधी दिवसभर हिंडून बघतात. ओळखीचा शत्रू नाही सापडला तर लसीकेच्या, म्हणजे अंगात पाझरलेलं पाणी परत नेणाऱ्या, नळीतून मानेपाशी येऊन पुन्हा रक्तात. ऑक्सफर्डच्या गोवन्सनं १९५० च्या दशकाच्या शेवटाला उंदरांत हे दाखवलं. तोवर या पेशी कुठे जातात याचा थांगपत्ता नव्हता.

वन्सांना म्हटलं, "ह्या खऱ्या वारकरी. न्यूट्रोफिल गेला तो गेला, तिथंच संपतो. ह्या येरझारा घालतात."

"मंग वारी म्हंजे दुसरं काय," वन्सं म्हणाल्या आणि भाकरी भाजायला गेल्या.

आठवा आणि नववा दिवस : फलटण, बरड

फलटणला चालले. अर्धं अंतर. टाच मऊ पडली होती. दोन दिवसांनंतर तिथं न्यूट्रोफिलची गर्दी ओसरून मोनोसाइट नावाच्या तिसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी आलेल्या असतात. त्याही त्याच दारानं, त्याच रीतीनं बाहेर येतात, फक्त उशिरा. बाहेर आल्यावर अंगानं वाढून मॅक्रोफेज होतात आणि मेलेले न्यूट्रोफिल, काट्याचा चुरा, जे दिसेल ते गिळतात. मंडप उठल्यावर मागं पत्रावळी गोळा करणारी मंडळी असतात ना, ती.

हातावरच्या डागाला कडेनं हिरवट झाक आली. तीही यांचीच करामत. सांडलेल्या तांबड्या पेशी गिळून आतलं हिमोग्लोबिन फोडतात, त्यातून आधी हिरवा रंग निघतो, मग पिवळा. लोखंड तेवढं ठेवून घेतात.

दहावा दिवस : नातेपुते

आज दिंडीत एक घबराट झाली. अनवाणी चालणाऱ्या एका काकांना लघवी लाल झाली. दवाखान्यात तपासलं तर पट्टीवर रक्ताची खूण, पण मायक्रोस्कोपखाली तांबडी पेशी एकही नाही. स्नायू दुखावल्याची चिन्हं नव्हती, ताप नव्हता. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचीही तपासणी करायला सांगितली, भरपूर पाणी पाजलं आणि चालणं बंद करून ट्रकमध्ये बसवलं. दोन दिवसांत लघवी साफ. मी वाचलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच. १८८१ मध्ये फ्लायशर नावाच्या जर्मन डॉक्टरनं एका सैनिकात हे नोंदवलं. लांब संचलन केलं की लाल लघवी. कडक रस्त्यावर तळवा आपटतो तसा आतल्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या तांबड्या पेशींचा चेंदामेंदा होतो आणि रंग लघवीत उतरतो. वाहिनीत असूनही चिरडतात त्या. पण लाल लघवीला मुतखड्यापासून शंभर कारणं असतात, तेव्हा वारीत कुणाला झालं तर घरगुती निदान करू नये.

अकरावा ते तेरावा दिवस : माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव

गोल रिंगणं, धावा, पाऊस, चिखल. चालण्याच्या नादात वही ओली झाली आणि तीन दिवसांचं तीन ओळींत उरकलं. वेळापूरच्या आधी पुन्हा शुगर तपासताना सहज रक्तगणतीही झाली. पांढऱ्या पेशी १२,५००. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन आहे अजून. मी म्हटलं, साहेब, अर्धा तास बसू द्या, मग परत घ्या. नंतर ९,२००. निम्मे न्यूट्रोफिल एरवी भिंतीला टेकून आराम करत असतात. भराभर चालून आलं की रक्ताच्या जोरानं ते सुटतात आणि मोजणीत येतात. आमच्याकडे जिने चढून धापा टाकत आलेल्या पोरांची रक्तगणती अशीच फुगायची.

चौदावा दिवस : वाखरी

सगळ्या संतांच्या पालख्या इथं जमतात. गर्दी म्हणजे काय ते आज कळलं. रात्री अंगाला अंग लागून पडलो होतो. वन्सांनी अंधारात विचारलं, "तांबडी कदीच बाहेर जात न्हाई?"

जाते. एका ठिकाणी. पाणथरीत, प्लीहा म्हणतात ती. तिथं वाहिनीचं तोंडच उघडं असतं. तांबड्या पेशी बाहेरच्या लगद्यात पडतात आणि परत रक्तात यायला त्यांना भिंतीतली एक मायक्रॉनहून अरुंद चीर पार करावी लागते. तरणी पेशी चपटी होऊन निघून जाते. शंभर-एकशेवीस दिवसांची म्हातारी झालेली, ताठलेली पेशी अडकते, आणि तिथले मॅक्रोफेज तिला उचलतात.

वन्सं काही बोलल्या नाहीत. झोपल्या असाव्यात.

पंधरावा दिवस : पंढरपूर

दशमी. चंद्रभागेत उतरले तेव्हा हातावर नुसती पिवळट छाया होती, आणि टाचेवर एक गुलाबी रेघ. दर्शनबारीत उभं राहायची ताकद नव्हती. कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीला हात लावला. तेवढ्यात वन्सं भिजल्या पातळानिशी बडीशेप-चुरमुऱ्यांचा प्रसाद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ती काच नीट हाय न्हवं?"

घरी आल्यावर

तिसऱ्या दिवशी ओळखीच्या लॅबमध्ये जाऊन पट्टी लीशमन स्टेननं रंगवली. पावसानं एक कोपरा खराब झाला होता, बाकी उत्तम. न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल, खच पडलेला, कित्येकांची केंद्रकं विरघळत आलेली. वन्सांना स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघायचं त्यांना पटकन जमेना. मग जमलं आणि त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. कोनहाइमला अशी विद्यार्थीण आवडली असती.

"वहिनी," डोळा न काढता त्यांनी विचारलं, "ह्यात त्यो बोळातला म्हातारा कंचा?"

मी पट्टी जरा डावीकडे सरकवली. कडेला एक मोठी, राखाडी-निळ्या अंगाची पेशी पडली होती, पोटात काहीतरी गिळलेलं.

"हा असंल," मी म्हटलं.